आधी धक्का, मग हेलकावा : भूकंपाच्या लाटा ओळखणारे रिचर्ड ओल्डहॅम

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत भूकंपशास्त्रज्ञाचे चरित्र कशाला, असे कुणाला वाटेल. पण सुरतेत स्थायिक झालेल्या आम्हा मराठी कुटुंबांच्या मनात दोन तारखा कायमच्या बसल्या आहेत. पहिली 30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लातूर-उस्मानाबादकडची गावे झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली. दुसरी 26 जानेवारी 2001. प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी, पावणेनऊच्या सुमारास कच्छमध्ये भूकंप झाला आणि इथे सुरतेतही इमारती कोसळल्या, माणसे गेली.

दूरच्या मोठ्या भूकंपात बहुधा आधी एक बारीकसा धक्का जाणवतो आणि काही वेळाने घर झोके घेऊ लागते. हे असे टप्प्याटप्प्याने का होते, याचा उलगडा यंत्रांच्या नोंदींवरून पहिल्यांदा ज्यांनी केला, ते गृहस्थ भारतातच नोकरीला होते. रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम हे त्यांचे नाव. जगभरच्या भूकंपशास्त्राच्या पुस्तकांत ते मानाने घेतले जाते. आपल्या घरांत मात्र ते फारसे पोहोचलेले नाही. म्हणून यंदा त्यांची ओळख करून देत आहोत.

वडिलांची अपुरी वही

ओल्डहॅम यांचा जन्म 31 जुलै 1858 रोजी आयर्लंडमधील डब्लिन येथे झाला. वडील थॉमस ओल्डहॅम हे भूगर्भशास्त्रज्ञ. 1851 मध्ये ते कलकत्त्याला आले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे पहिले प्रमुख झाले. कोळसा, खनिजे, खडकांचे नकाशे हे त्या खात्याचे मुख्य काम. पण थॉमस यांना भूकंपांविषयीही कुतूहल होते. 10 जानेवारी 1869 रोजी आसाम भागातील काछार येथे मोठा भूकंप झाला, तेव्हा त्याची त्यांनी बारकाईने पाहणी केली. शिवाय भारतात जुन्या काळापासून झालेल्या भूकंपांची यादीही त्यांनी जमवायला घेतली होती.

1876 मध्ये ते निवृत्त होऊन मायदेशी गेले आणि 1878 मध्ये वारले. ही दोन्ही कामे छापायची राहूनच गेली.

पुढच्याच वर्षी, 1879 मध्ये, रिचर्ड त्याच खात्यात रुजू झाले. रग्बीची शाळा आणि लंडनचे रॉयल स्कूल ऑफ माइन्स असे त्यांचे शिक्षण झाले होते. वय एकवीस. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच त्यांनी वडिलांचे कागद हाती घेतले, ते नीट लावले आणि 1882 मध्ये काछारच्या भूकंपाचा वृत्तांत, तर 1883 मध्ये भूकंपांची यादी वडिलांच्या नावाने प्रसिद्ध केली. आपल्याकडे पितृऋण म्हणतात ते या मुलाने असे फेडले. त्यातून त्यांना स्वतःचीही वाट सापडली. भूकंप झाल्यावर कोणत्या भिंती कोणत्या दिशेला पडल्या, भेगा कशा गेल्या, कुठे किती वाजता धक्का लागला, हे सारे टिपायचे असते, हा धडा त्यांनी वडिलांच्या टिपणांतूनच घेतला असणार.

पुढची पंधरा वर्षे मात्र खात्याच्या नेहमीच्या कामात गेली. डोंगर तुडवायचे, खडक पाहायचे, नकाशे काढायचे. भारताच्या भूगर्भशास्त्रावरील खात्याच्या अधिकृत ग्रंथाची दुसरी आवृत्ती त्यांनी नव्याने लिहून काढली; ती 1893 मध्ये निघाली. तेवढ्यावरही त्यांचे नाव राहिले असते. पण त्यांचे खरे काम अजून पुढे होते आणि ते समजण्यासाठी आधी लाटांची ओळख करून घ्यायला हवी.

रांगेतली ढकल आणि रांगेतला झोका

मंडपात दहा मुले एकामागे एक उभी करा. प्रत्येकाने पुढच्याच्या खांद्यावर घट्ट हात ठेवायचे. आता शेवटच्या मुलाला मागून हलकेच ढकला. तो पुढच्यावर रेलतो, पुढचा त्याच्या पुढच्यावर, आणि ढकल थेट पहिल्या मुलापर्यंत जाते. मुले आपापल्या जागीच राहतात. पुढे सरकते ती फक्त ढकल. इथे मुले ज्या दिशेने हलतात त्याच दिशेने लाटही जाते. हा झाला अनुतरंग. कोसाड स्टेशनावरून जाणाऱ्या मालगाडीला इंजिनाचा हिसका बसला की डब्यामागून डबा खडखडत शेवटपर्यंत तो पोहोचतो, तीही अशीच लाट.

आता शेवटच्या मुलाला डावी-उजवीकडे झुलवा. हात खांद्यावर घट्ट आहेत, म्हणून पुढचाही झुलतो, मग त्याच्या पुढचा. मुले आडवी हलतात, लाट मात्र रांगेच्या दिशेने पुढे जाते. हा अवतरंग. साडी झटकताना एक टोक हातात धरून हिसका दिला की कापडातून जी लाट सरकत जाते, ती याच जातीची. गुजराती माध्यमात शिकणारी आपली नातवंडे अनुतरंगाला संगत तरंग आणि अवतरंगाला लंबगत तरंग म्हणतात. नावे निराळी, गोष्ट तीच.

मिरवणुकीतल्या ढोलात तर दोन्ही सापडतात. टिपरू पडले की ढोलाचे पान आत-बाहेर थरथरते आणि ती थरथर पानावरून आडवी पसरत जाते, म्हणजे अवतरंग. पण तेच पान समोरच्या हवेला दाबते आणि सोडते; ती दाब-सोड हवेतून पुढे सरकत आपल्या कानापर्यंत येते, म्हणजे अनुतरंग. हवेतला आवाज नेहमी असाच प्रवास करतो.

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रयोग. मुलांना खांद्यावरचे हात काढायला सांगा, पण रांग दाटच ठेवा. मागून ढकलले तर ढकल अजूनही पुढे जाईल, कारण अंगाला अंग लागून आहे. झुलवले तर मात्र एकटा शेवटचा मुलगाच झुलेल. पुढच्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. द्रव पदार्थाचे असेच असते. पाणी दाबायला गेले तर ते प्रतिकार करते, म्हणून अनुतरंग पाण्यातून जातो. पण त्याचा आकार बदलायला गेले तर ते मुकाट्याने बदलू देते; त्याला स्वतःचा आकारच नाही. म्हणून द्रवाच्या पोटातून अवतरंग जात नाही. तापीच्या पृष्ठभागावर ज्या लाटा दिसतात त्या गुरुत्वाकर्षणाने उठणाऱ्या वरवरच्या लाटा आहेत. पाण्याच्या आतल्या प्रवासाशी त्यांचा संबंध नाही.

खडक घन असतो, त्याचे हात घट्ट धरलेले असतात. म्हणून खडकातून दोन्ही लाटा जातात. पण त्या सारख्या वेगाने जात नाहीत. वरच्या थरांतल्या खडकात अनुतरंग सेकंदाला साधारण 6 किलोमीटर जातो, अवतरंग साधारण साडेतीन. दोघे एकाच क्षणी निघाले तरी अनुतरंग आधी पोहोचतो आणि जितके दूर जावे तितके अंतर वाढत जाते. घन पदार्थात अशा दोन लाटा असल्या पाहिजेत, हे फ्रेंच गणिती प्वासाँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच कागदावर दाखवले होते. पण पृथ्वीच्या पोटातून आलेल्या या दोन लाटा कुणी वेगवेगळ्या ओळखल्या नव्हत्या.

12 जून 1897

मराठी माणसाला 1897 चा जून आठवतो तो पुण्यातल्या प्लेगमुळे आणि 22 जूनच्या रात्री रँडवर झाडलेल्या गोळीमुळे. त्याच्या दहा दिवस आधी, 12 जूनला, संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास आसामात जगातल्या ज्ञात भूकंपांपैकी एक अतिप्रचंड भूकंप झाला होता. आजच्या मोजमापाने त्याची तीव्रता 8 च्या वर धरतात. शिलाँगमधली दगडी बांधकामे भुईसपाट झाली. दूर कलकत्त्यातही इमारतींना तडे गेले. सुमारे दीड हजार माणसे मेली. इतक्या मोठ्या भूकंपात याहून कितीतरी जास्त गेली असती. पण वेळ संध्याकाळची होती आणि बरेच लोक घराबाहेर होते.

पाहणीची जबाबदारी ओल्डहॅम यांच्याकडे आली. त्यांनी ठिकठिकाणांहून वेळेच्या आणि नुकसानीच्या नोंदी मागवल्या, सहकाऱ्यांना वेगवेगळ्या भागांत पाठवले आणि स्वतः डोंगराळ मुलखात फिरले. काही ठिकाणी जमिनीत रुतलेले मोठे दगड आपल्या खळग्यातून उडून बाजूला पडलेले त्यांना दिसले. म्हणजे जमिनीने वर मारलेला हिसका गुरुत्वाकर्षणावरही मात करणारा होता. चेद्रांग नदीच्या खोऱ्यात जमीन फाटून एक बाजू दुसरीपेक्षा तब्बल 10 मीटरपर्यंत वर आली होती. वडिलांनी काछारमध्ये जे केले तेच काम मुलगा करत होता, फक्त कितीतरी पटींनी मोठ्या प्रमाणावर.

पण 1869 आणि 1897 यांच्या दरम्यान एक नवी गोष्ट झाली होती. 1889 मध्ये जर्मनीतल्या एका नाजूक यंत्राने जपानमधल्या भूकंपाची थरथर टिपली होती. दूरचा भूकंप घरबसल्या नोंदवता येतो, हे त्यामुळे कळले. त्यानंतर युरोपात, विशेषतः इटलीत, अशी यंत्रे बसू लागली. जपानमध्ये दीर्घकाळ काम करून परतलेले जॉन मिल्न यांनी इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट बेटावर आपले केंद्र उभारले होते. आसाम हादरला तेव्हा सात हजार किलोमीटरवरच्या इटलीतल्या यंत्रांच्या सुयाही हलल्या.

कागदावरच्या तीन रेघोट्या

ओल्डहॅम यांचे मोठेपण पुढे दिसते. स्वतः डोळ्यांनी पाहिलेल्या पडझडीच्या वर्णनावर ते थांबले नाहीत. युरोपातल्या केंद्रांच्या नोंदी त्यांनी मिळवल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या. प्रत्येक कागदावर त्यांना तीन टप्पे दिसले : आधी एक बारीक थरथर, काही मिनिटांनी दुसरी जरा मोठी थरथर, आणि बऱ्याच वेळाने मोठ्या संथ लाटा. आज आपल्याला ठाऊक असलेल्या वेळापत्रकानुसार सात हजार किलोमीटरवर पहिली लाट दहा-अकरा मिनिटांत येते, दुसरी त्यानंतर आठ-नऊ मिनिटांनी, आणि पृष्ठभागावरून येणाऱ्या मोठ्या लाटा अर्ध्या तासाच्या सुमारास.

आता नुसते तीन टप्पे दिसले म्हणून त्या तीन निरनिराळ्या लाटा ठरत नाहीत. एकाच लाटेचे प्रतिध्वनीही असू शकतात. ओल्डहॅम यांनी अंतर आणि लागलेला वेळ यांचा हिशेब मांडला. तिसऱ्या टप्प्याच्या लाटांना अंतराच्या प्रमाणातच वेळ लागत होता, म्हणजे त्या जमिनीलगत, पृष्ठभागावरून येत होत्या. पहिल्या दोन टप्प्यांना मात्र दूर जाताना त्या प्रमाणापेक्षा कमी वेळ लागत होता. याचा अर्थ त्या पृथ्वीच्या पोटातून, आडवाटेने येत होत्या आणि खोल खडकात त्यांचा वेग वाढत होता. वाट एकच, पण वेग दोन. प्वासाँ यांच्या गणितातल्या दोन लाटा त्या याच : पहिली ढकलत येणारी, दुसरी झुलवत येणारी.

1899 मध्ये निघालेल्या आसाम भूकंपाच्या मोठ्या अहवालात त्यांनी हे मांडले. एका भूकंपावरून सिद्धांत पक्का होत नाही, हे त्यांना माहीत होते. म्हणून आणखी भूकंपांच्या नोंदी घेऊन त्यांनी तोच हिशेब पुन्हा तपासला आणि 1900 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. आज शाळेच्या पुस्तकात प्राथमिक आणि दुय्यम लाटा म्हणून जे शिकवतात, ते इथून आले. दरम्यान आपल्याकडेही यंत्रे आली होती. कलकत्त्याच्या अलीपूरला आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत भूकंपमापक बसले. कुलाब्याचे तेव्हाचे संचालक नानाभाई मूस होते. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय.

पृथ्वीच्या पोटातले पोट

प्रकृती साथ देईना म्हणून ओल्डहॅम 1903 मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. हाताशी खाते नाही, मदतनीस नाहीत. पण नोंदी होत्या. मडके घेताना आपण टिचकी मारून त्याचा आवाज ऐकतो. आत तडा असेल तर तो आवाजातच कळतो. पृथ्वीला टिचकी मारणे माणसाच्या हाती नाही, पण भूकंप ते काम करतो आणि दोन प्रकारच्या लाटा दोन प्रकारचे साक्षीदार म्हणून पलीकडे पोहोचतात.

जगाच्या पार पलीकडच्या केंद्रांवरच्या नोंदी पाहताना त्यांना दिसले की एका ठरावीक अंतरापलीकडे लाटा अपेक्षेपेक्षा उशिरा येतात. अवतरंगाचा तर हिशेबच बिघडतो. वाटेत काहीतरी वेगळे आहे, पृथ्वीच्या मध्याशी निराळ्या पदार्थाचा एक मोठा गोळा आहे, असे अनुमान त्यांनी 1906 मध्ये मांडले. त्याची त्रिज्या पृथ्वीच्या त्रिज्येच्या दोन-पंचमांश असावी, असा त्यांचा अंदाज होता. हा पृथ्वीचा गाभा.

सगळेच त्यांना बरोबर सापडले असे नाही. अवतरंग गाभ्यातून जातो, पण फार हळू, असे त्यांनी धरले होते. पुढे गुटेनबर्ग यांनी गाभ्याची सीमा सुमारे 2900 किलोमीटर खोलीवर नेमकी दाखवली आणि 1926 मध्ये जेफ्रीज यांनी हा गाभा द्रवरूप असल्याचे सिद्ध केले. म्हणजे अवतरंग तिथे हळू जात नव्हता. तो तिथून जातच नव्हता. खांद्यावरचे हात सुटले होते. पण कुठे पाहायचे आणि कोणत्या दोन लाटांची तुलना करायची, हे ओल्डहॅम यांनीच दाखवून ठेवले होते.

मानसन्मान त्यांना मिळाले. 1908 मध्ये लायल पदक, 1911 मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, 1920 पासून दोन वर्षे लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे अध्यक्षपद. आम्हा गुजरातवासीयांना त्यांचे एक काम विशेष जवळचे वाटते. 1926 मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी 16 जून 1819 च्या कच्छच्या भूकंपावर सविस्तर लेखन प्रसिद्ध केले. त्या भूकंपात कच्छच्या रणात अल्लाह बंद नावाची लांबच लांब मातीची भिंत रातोरात उभी राहिली, सिंदरीचा किल्ला पाण्याखाली गेला आणि दूर अहमदाबादेत जामा मशिदीचे मिनार कोसळले. शंभर वर्षांपूर्वीची वर्णने गोळा करून, आसामातल्या अनुभवाच्या आधारे त्यांनी ती पुन्हा तपासली. वडिलांची जुन्या भूकंपांची यादी लावणारा मुलगा म्हातारपणी पुन्हा जुन्या भूकंपाकडेच वळला होता.

15 जुलै 1936 रोजी वेल्समध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी द्रव गाभ्याच्याही आत आणखी एक गाभा असल्याचे लाटांच्या नोंदींवरूनच दाखवले.

आपल्या हाती येणारे सेकंद

या साऱ्याचा आपल्या घराशी काय संबंध? संबंध आहे तो वेळेचा. 2001 च्या भूकंपाचे केंद्र भचाऊजवळ होते, सुरतेपासून साधारण साडेतीनशे किलोमीटरवर. ढकलणारी लाट तिथून इथे मिनिटाच्या आत येते आणि झुलवणारी त्यानंतर अर्ध्या ते पाऊण मिनिटाने. इमारतींना मोठा त्रास देते ती झुलवणारी लाट आणि तिच्यामागून येणाऱ्या पृष्ठभागावरच्या लाटा. भिंती आणि खांब उभे वजन पेलायला केलेले असतात, आडवा हिसका त्यांना सोसत नाही. म्हणजे पहिला बारीक धक्का हा एक निरोप असतो. जपानमध्ये याच निरोपावर यंत्रे आपोआप इशारा देतात आणि धावत्या रेल्वेगाड्या रोखल्या जातात.

किल्लारीत मात्र हा निरोप उपयोगी पडला नाही. केंद्र पायाखालीच आणि फार खोलही नाही. दोन्ही लाटा जवळजवळ बरोबरच आल्या. वर मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड छपरे, आणि वेळ झोपेची. तिथे लोकांना वाचवू शकले असते ते फक्त मजबूत घर. म्हणून दोन्ही गोष्टी लक्षात ठेवायच्या. आपल्या भागात तापीच्या गाळाची मऊ जमीन आहे आणि मऊ जमिनीत हेलकावा वाढतो. नवे घर घेताना फरशी आणि स्वयंपाकघराचा ओटा पाहतो, तसे इमारतीचा आराखडा भूकंपाचा विचार करून केला आहे का, हेही विचारावे. तळमजल्यावर भिंती नसून नुसते खांब आणि पार्किंग असेल तर हा प्रश्न अधिकच आवर्जून विचारावा. आणि कधी पहिला धक्का जाणवलाच तर तो खरा की भास, याची चर्चा करत बसू नये, लिफ्टकडे किंवा जिन्याकडे धावू नये. मजबूत टेबलाखाली शिरून डोके आणि मान झाकावी, टेबलाचा पाय घट्ट धरावा आणि हादरे थांबल्यावरच बाहेर पडावे.

वडिलांचे धूळ खात पडलेले कागद एका मुलाने नीट लावले आणि भूकंपाकडे पाहायची सवय त्याच्या अंगी भिनली. त्या सवयीतून पृथ्वीचा गाभा सापडला आणि जगाला सावध होण्यासाठी काही सेकंद मिळाले. या उत्सवात मुलांची रांग लावून ढकलीचा आणि झोक्याचा खेळ जरूर खेळून पाहा. खेळ संपल्यावर त्यांना ओल्डहॅम यांचे नाव सांगा आणि पहिला धक्का बसला की काय करायचे, तेही त्याच वेळी करून दाखवा.